तीन दुकानांचे फुटाणे

आग्र्याला तीनदा जाऊन एकदाही ताजमहाल न पाहिलेली एकच बाई मला माहीत आहे. जयपूरच्या रेल्वे कॉलनीत ती आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचा नवरा मालगाडीवर गार्ड होता, म्हणून पाठीमागे तिला सगळे 'गार्डबाई' म्हणत. तोंडावर मी काकू म्हणायची. ताजमहालाबद्दल कोणी छेडलंच तर ती म्हणे, "तो काय पळून जाते व्हय? दुकानं दुपारी बंद होतात, माय. ताजमहाल नाही होत."

तिन्ही वेळा ती किराण्याची दुकानं पाहायला गेली होती.

ऐंशीनंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. लग्न होऊन मी साताऱ्याकडून थेट जयपूरला आले. नवरा रेल्वेच्या हिशेब खात्यात. माझं हिंदी शाळेच्या पुस्तकातलं, भाजीवाल्यापुढे त्याचा काही उपयोग नव्हता. पहिल्याच सकाळी दार वाजलं. उंच, काळीसावळी, नऊवारीतून पाचवारीत नुकतीच आल्यासारखी चालणारी एक बाई आत आली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि मिठाच्या बरणीत बोट घालून जिभेला लावत म्हणाली, "हे कोनाकडून आनलं?"

नाव नाही, गाव नाही, नवरा काय करतो नाही. आधी मीठ. मी दुकान सांगितलं. तिने मान हलवली. "चालते. पन त्याच्याकडून डाळ नको घेऊ. आता सांग, कुठली तू?"

ती अकोल्याकडची. वीस वर्षं गावाबाहेर राहूनही तिने वऱ्हाडी सोडली नव्हती. तिचं हिंदीसुद्धा वऱ्हाडीच होतं, पण ती ते इतक्या ठासून बोलायची की दुकानदारच गोंधळून तिच्यासारखं बोलायला लागत.

रेल्वेत असल्यामुळे दोन्ही घरांना पास मिळायचे. आमच्या ह्यांना फिरायची हौस नव्हती, तिच्या गार्डला फिरून फिरून कंटाळा आलेला. मग आम्ही दोघीच निघायचो. अजमेर, बांदीकुई, फुलेरा, आग्रा. लोक गावात उतरले की देऊळ विचारतात, धर्मशाळा विचारतात. ही स्टेशनबाहेरच्या पहिल्या चौकात पिशवी पायाशी ठेवून उभी राहायची आणि येणाऱ्या बायका न्याहाळायची. भरलेल्या पिशव्या घेऊन बायका ज्या दिशेने येत, त्याच्या उलट दिशेने ही चालू लागायची. दुकान कुठे आहे असं तिने कधी कोणाला विचारलं नाही. "विचारलं का लोक आपल्या साडूचं दुकान सांगतात," ती म्हणे.

दर गावात तीन दुकानं. एक स्टेशनजवळचं, एक मोठ्या बाजारातलं आणि एक गल्लीतलं. तिन्हीकडून पाव पाव किलो फुटाणे घ्यायचे. स्टेशनचे रुमालात, बाजारातले पदराच्या गाठीत, गल्लीतले पिशवीच्या कप्प्यात. परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावरच्या बाकावर बसायचो आणि एकेक मूठ चावायचो. ती डोळे मिटून चावायची. मलाही मिटायला लावायची.

"फुटानेच काहून?" मी तिच्याच बोलीत विचारलं एकदा.

"तांदूळ घासता येते, डाळीले तेल चोपडता येते. फुटान्याचं काही करता येत नाही. जुना असला तर दात सांगते."

मग निकाल. तिच्याकडे तीनच शेरे होते: बरं, चालते आणि बाद. पण निकाल फुटाण्यांच्या चवीवर थोडाच असायचा. पाव किलो मागितल्यावर दुकानदाराने तोंड वाकडं केलं का? "पावाले तोंड वाकडं करनारा किलोले काटा मारते." कागदासकट तोललं का? नाही म्हणायची वेळ आली तेव्हा सरळ नाही म्हणाला, की दुसरंच काहीतरी गळ्यात मारलं? उन्हात उभं केलं का? लांबच्या दुकानात साखर स्वस्त मिळाली असं मी मोठ्या आनंदाने सांगितलं की ती माझ्या पायांकडे बघायची. "चपलीचा भाव धरला का त्यात? अन् दुपार गेली तिचा?" जवळच्या महाग दुकानाला ती सहसा नावं ठेवत नसे. घाईच्या वेळी दार उघडं असणं हासुद्धा माल आहे आणि त्याचे पैसे पडणारच, असं तिचं म्हणणं.

कॉलनीत तिची चेष्टा व्हायची आणि तिच्यावाचून चालायचंही नाही. कोणी उदयपूरला, कोणी कोट्याला बदलीवर निघालं की आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर यायचंच. ती तांदूळ निवडता निवडता सांगायची, "स्टेशनातून निंगालं की डाव्या हाताचं पहिलं दुकान सोडून द्या. पुढं जा. पिपळाखाली एक बुढा बसते. त्याच्याकडे पोहे भेटतीन, पन गूळ घेऊ नका." जिथे ती गेली नव्हती तिथले फुटाणे गार्डकाका घेऊन यायचे. त्या माणसाने आयुष्यभर गाडीला हिरवं-लाल निशाण दाखवलं. घरात मात्र निशाण तिच्या हातात होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

एकच कोडं होतं. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, एका सेठचं दुकान होतं. डाळी निवडलेल्या, साखर स्वच्छ, भाव सगळ्यांत कमी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कॉलनीतल्या आम्ही पाचसहाजणी सिटी बसने जाऊन महिन्याचा किराणा तिथूनच भरायचो. गार्डबाई तिथे एकदा गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाद." त्यानंतर ती कॉलनीच्या फाटकाशेजारच्या सिंधी दुकानदाराकडून सगळं घ्यायची, चार पैसे जास्त देऊन. ज्या बाईने अर्ध्या राजपुतान्याचे भाव तोंडपाठ केले होते तिने शहरातलं सर्वांत चांगलं दुकान टाकावं, याचं सगळ्यांना हसू यायचं.

बांदीकुईहून परत येताना मी तिला गाडीत विचारलं. डब्यात गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसून फुटाण्यांची सालं बाहेर उडवत होती.

"त्या सेठचं काय वाईट आहे काकू? सांगा तरी."

"माल चांगला हाये."

"मग?"

"पह्यल्याच दिवशी त्यानं विचारलं, बाईजी, आप लोग कौन? म्या सांगितलं, बौद्ध. त्याले समजलं नाही. मंग म्या समजून सांगितलं. तं म्हने, पैसे उस पट्टी पे रख दो. अन् पुडी खाली ठेवली, पायरीवर." तिने एक साल उडवलं. "आमच्या गावी दुकानदार वरतून टाकत जाय. मी लहान, परकर पसरून उभी राहो. मिठासारखं मीठ, अर्धं मातीत सांडे. आता तू सांग. मीठ अर्धं मातीत गेलं, तं भाव दुप्पट झाला का नाही?"

मी मनात हिशेब करू लागले.

"दुप्पट झाला," तीच म्हणाली. "म्हून म्हनते, त्याचं दुकान महाग हाये. तुम्हाले स्वस्त पडते. मले नाही पडत."

तिचा आवाज जराही बदलला नव्हता. काटा मारणाऱ्याबद्दल बोलताना असायचा तसाच.

पुढच्या महिन्यात मी त्या दुकानात गेले ते फक्त बघायला. सेठने "बहनजी, मराठे लोग तो बड़े अच्छे होते हैं" असं म्हणत उरलेली नाणी माझ्या तळहातावर ठेवली. बोटं लागली. माझ्या कपाळावरचं, गळ्यातलं पाहून त्याने मला जात विचारलीसुद्धा नव्हती. मी पुन्हा तिथे गेले नाही. घरखर्च थोडा वाढला, ह्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. "बरं," ते म्हणाले, आणि पुढे कधी विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात मंडळाची सहल निघाली. जयपुरातल्या मराठी घरांचं एक छोटं मंडळ होतं. रेल्वेवाले, बँकवाले, विम्यातले. सेक्रेटरी बँकेत अधिकारी होते, उत्साही माणूस, शिट्टी गळ्यात अडकवूनच सहलीला येणारे. टोंकला जायचं, तिथे बागेत स्वयंपाक करून जेवायचं आणि संध्याकाळी परत, असा बेत होता. चाळीसएक माणसं. शिध्याचं काम अर्थातच गार्डबाईकडे. सेक्रेटरी म्हणाले, सगळं चारदीवारीतून भरून घेऊ. ती म्हणाली, "इथून ओझं कायले न्यायचं? टोंकात एक चांगलं दुकान हाये. मी मागच्या हप्त्यात जाऊन पाहून आली." ती खरंच एकटी बसने जाऊन आली होती. तिच्या शब्दापुढे कोण बोलणार? बसमध्ये पातेली चढली, तवे चढले, सरपण चढलं. धान्याचा दाणा नव्हता.

वाटेत चाकसूला चहा झाला. तिथे तिने टोपलीभर पेरू घेतले, तीन टोपल्या हुंगून. तिथून थोडं पुढे गेलो आणि बसखालून मोठा आवाज आला. ड्रायव्हर खाली वाकून बघून आला आणि म्हणाला, पार्ट जयपूरहून आणावा लागेल. क्लीनर एका ट्रकमध्ये चढून गेला. आजूबाजूला मोहरीची शेतं आणि रस्त्याला लागून एक लहानसं गाव.

तासाभरात पोरं रडायला लागली. पेरूंवर किती भागणार? बायका एकमेकींत बोलू लागल्या, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. जयपूरहून घेतलं असतं तर आत्ता खिचडी झाली असती. हिला काय, हिला दुकानं बघायची हौस. गार्डकाका रुळांशिवाय कुठे उभं राहावं ते न कळल्यासारखे बसभोवती फिरत होते. ती मात्र पिशवी घेऊन उठली. "चूक माही हाये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आनते मी. चाल माय." शेवटचं मला होतं. सेक्रेटरीही आमच्याबरोबर निघाले.

रस्त्यालगतच चांगलं पक्कं दुकान होतं. गव्हाचं पीठ, मूगडाळ, तांदूळ, तेलाचे डबे, सगळं. मिशा पिळलेला दुकानदार गादीवर बसला होता. सेक्रेटरींनी बसची हकीकत सांगितली. तो फार आपुलकीने बोलला, पोरांसाठी दूध पाठवतो म्हणाला. गार्डबाईने सवयीने फुटाणे मागितले. चवीपुरते देण्यासाठी त्याने मूठ भरली, तिने हात पुढे केला आणि तो थांबला.

"बुरा मत मानना बाईजी. आप लोग कौण जात?"

सेक्रेटरी पटकन म्हणाले, "सब ब्राह्मण हैं जी, महाराष्ट्र के. आप बस तौल दो, बच्चे भूखे हैं."

ते वाईट हेतूने बोलले नव्हते. त्यांना ते मिटवायचं होतं. मला वाटलं, मिटेलही. पोरांच्या रडण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता.

गार्डबाईचा हात तसाच पुढे होता. "ये होंगे," ती म्हणाली. "मैं नहीं हूँ. मैं बौद्ध हूँ भैया. मतलब, जिसको तुम्हारे गाँव में मटके को हाथ नहीं लगाने देते, वो."

दुकानदाराने मूठ परत डब्यात सोडली. तो चिडला नाही. उलट संकोचला. खालच्या आवाजात सेक्रेटरींना म्हणाला की सामान सगळं देतो, ओट्याखाली ठेवतो, बाईंनी जरा बाजूला व्हावं, गावात राहायचं आहे मला.

"बाद," ती म्हणाली आणि वळली.

सेक्रेटरी तिच्यामागे धावले. "अहो वहिनी, लहान मुलं आहेत! आत्ता घेऊ, नंतर भांडू त्याच्याशी. मी स्वतः भांडेन."

"मी भांडू कुठं राह्यली साहेब? मी दुकान पाहू राह्यली."

"पण हे एकच धड दुकान आहे इथे!"

ती थांबली. "पैसा मंडळाचा हाये. तुम्हाले घ्यायचं असंन तं घ्या, मी आडवी येनार नाही. पन मंग रांधा तुमीच. ते पीठ माह्या हातानं मळल्या जानार नाही."

सेक्रेटरी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एकीकडे दुकान, एकीकडे बस. गळ्यातली शिट्टी ते बोटांत फिरवत होते. मी तिच्यामागे चालू लागले. ती गावात शिरली, डोक्यावर ओझं घेऊन येणाऱ्या दोन बायका पाहिल्या आणि त्या आल्या त्या वाटेने वळली.

गावाच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली, मातीच्या भिंतीत एक फळी काढून केलेलं दुकान होतं. आत एक म्हातारा विडी ओढत होता. गव्हाचं पीठ नव्हतं. बाजरीचं होतं. मोठाची, म्हणजे मटकीची डाळ, मिरच्या, कांदे, गूळ. या वेळी तिने वाट पाहिली नाही. आधीच सांगून टाकलं, आपण कोण ते, सगळं.

म्हाताऱ्याने विडी खाली केली. "सौदो लेबा आया छो क बातां करबा?"

माल घ्यायला आलात की गप्पा मारायला! ती एकदम हसली. मी तिला असं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं. तिने हात पुढे केला, म्हाताऱ्याने त्यावर फुटाणे ओतले. ती चावली. "जुने हायेत," ती मला म्हणाली, आणि भाव विचारला.

म्हाताऱ्याने सांगितलेला भाव ऐकून मी थक्क झाले. शहरापेक्षा पुष्कळ जास्त. बस बंद पडलेली त्यालाही कळली होती. मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. ती बाजरीला नावं ठेवी, तो जयपूरच्या लोकांना. तो म्हणे जा मग दुसरीकडे, ती पिशवी उचली, तो फळीवर हात आपटून बोलावी. एकदा तर तिने तराजू मागितला, त्याने तो दिला आणि तिने स्वतः तोलून दाखवलं. तिकडे चाळीस माणसं उपाशी होती, आणि ही बाई गुळाच्या ढेपेवरून तावातावाने भांडत होती. शेवटी भाव थोडासाच उतरला.

"लुटारू हाये," बाहेर येऊन ती समाधानाने म्हणाली. "पन सगळ्याईले सारखाच लुटते."

बाजरीच्या पिठाचं पोतं आम्हा दोघींना उचलेना. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सेक्रेटरी दिसले. रिकाम्या हाताने. म्हणजे त्यांनी तिथून काही घेतलं नव्हतं. त्यांनी इस्त्रीच्या शर्टावर पोतं घेतलं, पण अर्ध्या वाटेवर त्यांना राहवलं नाही. "बाजरी! गहू मिळत होता हो वहिनी."

"बाजरी थंडीत बरी असते," ती म्हणाली.

शेताच्या बांधावर तीन दगडांच्या दोन चुली पेटल्या. ती भाकरी थापायला बसली. पक्क्या दुकानात काय झालं ते बसपर्यंत आधीच पोचलं होतं. सेक्रेटरींनीच सांगितलं असावं, किंवा ड्रायव्हरने गावात ऐकलं असावं. मी परात घेऊन तिच्याशेजारी बसले. मग दोघीतिघी आल्या, कांदे घेऊन. काही बसमध्येच बसून राहिल्या. पोरं मात्र तव्याभोवती घिरट्या घालत होती आणि पहिली भाकरी फुगून खाली उतरताच पोरांनी तिचे लचके तोडले. पोटातल्या आगीपुढे कोणाच्या हातचं खायचं हा प्रश्न सुटल्यासारखा झाला. बसमधल्याही एकेक करत खाली उतरल्या.

सेक्रेटरींच्या आई उतरल्या, पण लांब, घोंगडी टाकून बसल्या. सत्तरीच्या पुढच्या, सोवळ्यातल्या. भाकरी नेऊन दिली तर म्हणाल्या, "मला नको. पेरू उरला असेल तर चालेल." गार्डबाईने पिठाचे हात धुतले, टोपलीतून शेवटचा पेरू घेतला आणि त्यांच्यापुढे धरला.

"ठेवा इथं," आजी म्हणाल्या. त्यांनी घोंगडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं.

गार्डबाईने ठेवला नाही. मागेही घेतला नाही. हात लांब करून तशीच उभी राहिली. सेक्रेटरी उठायला लागले तर तिने दुसऱ्या हाताने त्यांना बसायची खूण केली.

"माहा हात काही दुखत नाही, आजी," ती म्हणाली. "तुमी सावकाश घ्या."

चाळीस माणसं जेवता जेवता थांबली होती. आजींनी पेरूकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग बराच वेळ तिच्या तोंडाकडे. गार्डबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. गाडी येईपर्यंत फलाटावर उभं राहावं तशी ती उभी होती.

आजींनी पेरू घेतला. पदराला पुसला आणि खाल्ला.

टोंक आम्ही पाहिलंच नाही. बस नीट होऊन जयपूरला परत फिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. कोणी गाणी म्हणत होतं, कोणी पेंगत होतं. तिच्या शेजारी बसून मी विचारलं, "काकू, आजींनी घेतला नसता तर?"

"तं पोट्ट्याईले देला असता. पेरू चांगला होता."

पुढे महिनाभर मंडळात बरीच कुजबुज झाली. सहलीत असला प्रकार काढायची काय गरज होती, असं काहींचं म्हणणं. सेक्रेटरींनी बैठकीत एवढंच सांगितलं की यापुढे मंडळाचा किराणा फाटकाजवळच्या सिंधी दुकानातून येईल, ज्यांना महाग वाटेल त्यांनी वर्गणी कमी द्यावी. दोन घरांनी कमी नाही, वर्गणीच बंद केली. येणंही.

महाराष्ट्र दिनाच्या जेवणाचं श्रीखंड गार्डबाईच्या ओट्यावर झालं. आदल्या दिवशी तिच्या दारात चक्क्याची गाठोडी टांगली होती. पलीकडे सेक्रेटरींच्या आई पाटावर बसून वेलदोडे सोलत होत्या आणि सोलता सोलता सुनेची तक्रार करत होत्या. मी हळूच गार्डबाईला सांगितलं, ती दोन घरं उद्याही येणार नाहीत, नक्की झालं.

तिने गाठोडं दाबून पाहिलं, पातेल्यात उलटं केलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"बरं झालं. चक्का कमीच पडू राह्यला होता," ती म्हणाली. "घोट आता. जोरानं घोट, गाठी राहू देऊ नको."